दुसऱ्या टोकाची दोरी

शेठने खाद्याचं रिकामं पिंप उपडं घातलं, त्यावर चढून तोल सावरला, एका हाताने मोबाइल छताकडे उंच धरला आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं तोंडात घालून शीळ वाजवली.

शेडभर चाललेला चिवचिवाट पाणी ओतून विझवावा तसा बंद झाला. पिल्लांच्या माना वर झाल्या. शीळ ऐकली की कोंबडीची जात श्वासभर गप्प होते, आणि तेवढ्या वेळात जिला गप्प राहता येत नाही ती आजारी, इतका साधा हा हिशेब. सर्दी झालेल्या पिल्लाला शिंक आवरत नाही. ती शिंक तरी केवढी, तांदळाचा दाणा ताटात पडावा एवढी. मग एखादं धीट पिल्लू बोलून जातं, त्याच्यामागे दुसरं, आणि शेड पुन्हा बाजारासारखं गजबजतं.

तसं ते गजबजलं. शेठने मोबाइल कानाला लावला.

“काय?”

“परत वाजवा,” पलीकडून बायको म्हणाली. “मी आत्ता कुठे गॅलरीत आले. आणि फोन भिंतीकडे धरा, तोंडाकडे नको. मघाशी सगळा तुमचाच श्वास ऐकला मी.”

त्याने परत वाजवली. हात भिंतीकडे ताणून धरला. खांद्यात कळ आली तरी खाली घेतला नाही.

“आहे,” ती म्हणाली. “टाकीकडच्या बाजूला जास्त. घरघर नाही अजून, नुसत्या शिंका आहेत. आणि पडदे खाली आहेत ना?”

“तुला कसं कळलं?”

“आवाज कोंडलेला येतोय. मडक्यात बोलल्यासारखा.”

शेठ पिंपावरून उतरला. पडदे खाली होते हे खरं होतं, आणि का होते हे दोघांनाही माहीत होतं. बायकोने औषध पाण्यात किती घालायचं ते सांगितलं, कंपनीच्या माणसाला, वजनकाट्याला, बोलवा म्हणाली, आणि आत मूल रडायला लागलं तशी फोन ठेवून गेली.

शेठ हे काही त्याचं नाव नव्हे. अर्धी जळलेली काडी उरलेल्या अर्ध्यासाठी परत डबीत ठेवणाऱ्या माणसाला खाद्याच्या गाडीवाल्याने एकदा शेठ म्हटलं आणि ते अंगाला चिकटलं. ही काटकसर काड्यांपुरती असती तर गोष्ट वेगळी होती. बोलण्यातही त्याचा हात तेवढाच आखडता. कोणी ‘काय कसं काय’ विचारलं तर ‘आहे’ म्हणायचा, आणि त्या एका शब्दात तब्येत, हवा, धंदा सगळं येऊन जायचं. उरलेलं बोलणं पूर्वी बायको करायची. शेडचंही तसंच होतं, शीळ त्याची आणि कान तिचा. शेडला लागून जुनं जनरेटर होतं. त्याच्याशेजारी वर्षानुवर्षं उभं राहून शेठच्या कानातले बारीक आवाज केव्हाच उडून गेले होते. ट्रक ऐकू यायचा, माणूस ऐकू यायचा, पिल्लाची शिंक मात्र यायची नाही. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. ती आपली शीळ झाली की काही न बोलता बोटाने दाखवायची, तिथे एक आहे, तिकडे दोन आहेत, आणि तो जाऊन उचलायचा. न सांगितलेली गोष्ट सांभाळून घेण्यात ती पटाईत होती.

मग मुलाला मुलगी झाली. सूनबाईची रजा संपत आली. मुलगा शहरात, वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, सकाळी लिफ्टने खाली उतरायचा तो अंधार पडल्यावर लिफ्टने वर चढायचा. “आई, थोडे दिवस ये,” तो म्हणाला. या घरात दिवस पिल्लांवर मोजायचे. मुलाचं लग्न ‘खूप मरतूक झाली त्याच्या पुढच्या बॅचला’ झालं होतं. तेव्हा बायकोही म्हणाली की पुढची बॅच यायच्या आत येते. ती बॅच आली, मोठी झाली, गेली. तिच्यामागून आणखी आल्या आणि गेल्या. मुलगी रांगायला लागली, धरून उभी राहायला लागली, आणि आजीशिवाय झोपेना झाली.

जाताना बसच्या पायरीवर बायको थांबली होती. “तुम्हाला एकट्याला जमेल ना?” तिने विचारलं होतं.

“तू असलीस काय नि नसलीस काय, शेड चालायचं ते चालतंच,” शेठ म्हणाला होता.

त्याला म्हणायचं होतं, काळजी करू नको, निश्चिंत जा. पण बोलण्यात काटकसर केली की असं होतं. मधले शब्द वाचवायला जावं आणि उरलेल्यांचा अर्थ भलताच निघावा. ती आत गेली, खिडकीशी बसली आणि बस सुटेपर्यंत समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिली. हे वाक्य तेव्हापासून दोघांच्या मध्ये पडून होतं. त्यामुळे ‘कधी येतेस’ असं त्याने विचारलं नाही, आणि ‘येऊ का’ असं तिनेही नाही.

आता पडद्यांचं. शेडच्या दोन्ही बाजूंना जाळी, आणि जाळीवर लांबच्या लांब प्लॅस्टिकचे पडदे. रात्री खाली सोडायचे, सकाळी हवा खेळायला वर ओढायचे. पडद्याच्या दोन्ही टोकांना दोऱ्या. दोन माणसांनी दोन टोकांना उभं राहून एका दमात ओढलं तर पडदा सरळ वर जातो. एकट्याने ओढला तर हे टोक छताला आणि ते जमिनीला, मधे झोळ. मग इकडे दोरी बांधा, तिकडे चालत जा, थोडं ओढा, परत या. बायको असताना हे काम चहा उतू जायच्या आत व्हायचं. ती तिच्या टोकाकडून ‘हं’ म्हणायची, की ओढायचं. एकटा शेठ सुरुवातीला रोज येरझाऱ्या घालायचा. मग थंडी पडली, पिल्लांना ऊब पाहिजेच आहे असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि पडदे खालीच राहायला लागले. तळाला अंथरलेलं भाताचं तूस ओलावलं, त्याचा वास डोळ्यांना झोंबायला लागला. हा वास छातीत बसला की पिल्लं शिंकायला लागतात हे पिल्लं पाळणाऱ्या कोणालाही माहीत असतं. शेठलाही होतं. त्याने चूक केली ती माहीत असून केली.

दुसऱ्या दिवशी वजनकाटा आला. हा कंपनीचा माणूस. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेड आणि अंगमेहनत शेठची. वजनकाटा हे नाव त्याला पडलं कारण तो माणसाला नमस्कार करायच्या आधी कोंबडीला पाय धरून उलटी टांगून वजन सांगायचा. लोक म्हणत, त्याच्या लग्नात त्याने नवरीलाही आधी अंदाजानेच तोलली असणार. आल्या आल्या त्याने एक मेलेलं पिल्लू उचललं, खिशातल्या कात्रीने त्याचा गळा उभा कापला, श्वासनळी उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाला, सुरुवात आहे. पडदे बघितले. नाक मुठीत धरलं.

“काका, हे पडदे?”

“थंडी होती.”

“काकू कुठे आहेत?”

“आत आहे,” शेठ म्हणाला.

मागच्या खेपेला तो ‘झोपली आहे’ म्हणाला होता आणि त्याच्या मागच्या खेपेला ‘दुकानात गेली आहे’. वजनकाट्याने घराच्या दाराकडे पाहिलं. दाराला बाहेरून कडी होती. त्याने नजर परत शेडकडे वळवली. कंपनीचा नियम सरळ होता, शेडमागे दोन माणसं पाहिजेत, एकट्या माणसाला पिल्लं द्यायची नाहीत. आणि वजनकाटा पोटाने कंपनीचा असला तरी स्वभावाने तसा वाईट नव्हता. त्याने औषध लिहून दिलं, ओलं तूस बदलायला सांगितलं आणि जी पिल्लं पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलीत ती काढून टाका म्हणाला. काढून टाका म्हणजे काय ते या धंद्यात वेगळं सांगावं लागत नाही. मान धरायची आणि पिरगाळायची. आजारी पिल्लाला जगवण्यात जेवढं जातं तेवढं त्याच्या मांसातून परत येत नाही, म्हणून ते आधीच वजा करायचं.

शेठने सगळं ऐकलं आणि सगळं केलं. तूस फावड्याने ओढून बाहेर काढलं, नवं पसरलं. पडद्यासाठी एक युक्ती काढली. खाद्याच्या रिकाम्या पिशवीत विटा भरल्या आणि ती पिशवी पलीकडच्या टोकाच्या दोरीला कप्पीवरून लोंबती बांधली. इकडून त्याने ओढलं की तिकडून विटांच्या वजनाने ते टोकही वर जायचं. जरा तिरकं, पण जायचं. पंख पाडलेल्या पिल्लांच्या माना पिरगाळल्या आणि खड्ड्यात पुरून वर चुना टाकला. एक मात्र राहिलं. ते त्याच्या मुठीत आलं आणि मुठीतच शिंकलं. आवाज त्याला ऐकू आला नाही, पण तळव्याला हबका कळला. एवढ्याशा जिवाचा एवढा हबका. त्याने ते शर्टाच्या खिशात टाकलं आणि घरात नेलं.

स्वयंपाकघरात, बायको भाज्या निवडायला जिथे बसायची तिथे, पुठ्ठ्याच्या खोक्यात बल्ब लावून त्याने पिल्लाची सोय केली. शेडमधलं घरात आणायचं नाही हाही एक नियम होता. पण त्या घरात नियम मोडलेला बघायला दुसरं कोण होतं?

संध्याकाळचे फोन आता रोजचे झाले. शीळ, मग बायकोचं ऐकणं, मग पिल्लांची चौकशी. पाणी पितात का? विष्ठा कशी आहे? खाद्याच्या भांड्यापाशी जातात का नुसतीच बघतात? शेठ उत्तरं द्यायचा, आणि उत्तरं देता देता त्याच्या लक्षात आलं की आपण बरंच बोलतोय. पिल्लं धडधाकट होती तेव्हा फोन म्हणजे ‘जेवलात का’, ‘हो’, ‘मग ठेवते’ एवढाच असायचा. आता त्याने विटांचंही सांगितलं.

“म्हणजे माझ्या जागी विटा बांधल्यात,” बायको म्हणाली.

“हं.”

“काम करतात का नीट?”

“करतात. तिरकं ओढतात, पण चहा मागत नाहीत.”

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मग तिकडचं सांगायला लागली. सूनबाई चांगली आहे, काही कमी पडू देत नाही. फक्त घरात सगळं वाजतंच. दारावरची बेल वाजते, भात झाला की कुकर वाजतो, कपडे धुऊन झाले की यंत्र वाजतं, मूल जागं झालं की मुलाच्या फोनमध्ये वाजतं. “मी ऐकावं असं काही शिल्लकच ठेवलेलं नाही कोणी,” ती म्हणाली. दुपारी नात झोपली की गॅलरीत खुर्ची टाकून बसते, खाली माणसं मुंग्यांएवढी दिसतात, आणि कोण कोणाचं काही कळत नाही. हे सगळं ती तक्रारीच्या सुरात बोलत नव्हती. खोक्यातल्या पिल्लाचं मात्र ती पुन्हा पुन्हा विचारायची. शेठ ते तिला ऐकवायचा, फोन खोक्यात धरून. “याला घरघर आहे,” ती म्हणाली होती, “पण जगेल. आवाजात राग आहे त्याच्या.”

एकदा मुलाने मधेच फोन घेतला. म्हणाला, बाबा, कशाला एवढी ओढाताण, शेड बंद करा आणि इथे या, तुमच्यासाठी हॉलमध्ये पलंग टाकू. शेठ ‘बघू’ म्हणाला. मागे एकदा तो तिथे राहिला होता. उजाडायच्या आधी उठून, पाणी घालायला काही नाही म्हणून, गॅलरीतल्या कुंड्या पाण्याने भरून आला होता. खालच्या मजल्यावरचा माणूस भिजलेला टॉवेल घेऊन वर आला होता.

औषध लागू पडलं म्हणा, हवा लागू पडली म्हणा, पिल्लांची मरतूक थांबली. वजनकाटा आला, त्याने स्वतः शीळ वाजवली, मान वाकडी करून शेडच्या चारही कोपऱ्यांत उभा राहिला. कसलाही आवाज नाही. एक कोंबडी उलटी टांगून वजन केलं आणि चेहरा उजळला. आता पिल्लं पिल्लं राहिली नव्हती, पिवळी लव जाऊन पांढरी पिसं फुटली होती, छात्या भरल्या होत्या.

“बरी झाली काका. औषध बंद करा.”

शेठ खोकला.

“पिल्लांचं थांबलं, तुमचं नाही थांबत,” वजनकाटा म्हणाला. “तुसाची धूळ आहे ती. तोंडाला काहीतरी बांधत जा. काकूंना सांगा बांधून द्यायला.” आणि दाराच्या कडीकडे न बघता गाडीवर बसून गेला.

त्या संध्याकाळी शेठ शेडमध्ये गेला तो बायकोला चांगली बातमी द्यायला. पिंपावर चढला, शीळ वाजवली. फोन कानाला लावून तो सांगणारच होता, तेवढ्यात ती म्हणाली, “अजून आहेत हो दोन-तीन. टाकीकडे.”

शेठ थबकला. वजनकाट्याचा कान चांगला, पण बायकोच्या कानापुढे वजनकाटा कोण? तो टाकीकडे गेला, वाकून एकेक कोंबडी न्याहाळली, चोची पुसून बघितल्या. सगळ्या ठणठणीत. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, आज दाराकडे एक आहे. तो दाराकडे गेला. तिथेही काही नव्हतं. आपल्याला दिसत नाही तेही तिला ऐकू येतं म्हणून त्याला तिचं कौतुक वाटलं, आणि निरोगी कोंबड्यांच्या नाकपुड्या तपासत तो शेडभर फिरला.

मग एका संध्याकाळी त्याने फोन कानाला लावला तेव्हा पलीकडे मिक्सर चालू होता. त्याच्यावर टीव्ही, आणि टीव्हीच्याही वर नातीचं रडणं. हे आवाज एवढे जाड होते की शेठलाही स्वच्छ ऐकू आले. ती गॅलरीत नव्हतीच. स्वयंपाकघरात होती. या गोंगाटात तिला शेडमधली शिंक सोडा, शेजारच्या खोलीत कपाट पडलं असतं तरी कळलं नसतं.

“आहेत अजून दोन,” ती म्हणाली. “टाकीकडच्या बाजूला. उद्या परत ऐकवा.”

शेठ पिंपावर उभा होता. खाली पांढऱ्याशुभ्र, धडधाकट कोंबड्या एकमेकींना ढकलत खाद्य टिपत होत्या.

“हो,” तो म्हणाला. “बघतो.”

पिल्लं बरी झाली म्हणून वजनकाटा सांगून गेला हे त्याने सांगितलं नाही, आणि आपल्याला काही ऐकू येत नाही हे तिने. खोटं दोन्ही बाजूंना सारखंच पडल्यामुळे हिशेब जुळत होता. पुढचे कितीतरी दिवस ती रोज दोन-तीन आजारी कोंबड्या ऐकत राहिली आणि तो त्या शोधायला जात राहिला. जाताना फोन कानालाच असायचा. वाटेत पुष्कळ बोलणं व्हायचं.

खोक्यातलं पिल्लू जगलं. एक दिवस ते खोक्याच्या काठावर चढून बसलं आणि शेठकडे घरमालकासारखं बघायला लागलं. त्याने ते शेडमध्ये नेऊन सोडलं. पायाला खुणेचा दोरा बांधावा असं मनात आलं होतं, पण ही जात इतकी भराभर वाढते की दोरा मांसात रुतला असता. सोडल्यावर ते तुरुतुरु गर्दीत शिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठने गेल्या गेल्या त्याला शोधलं. सगळ्या सारख्याच पांढऱ्या, सगळ्या सारख्याच भुकेल्या. त्यातली एकही त्याला ओळख दाखवेना.

मग गाडी आली. प्लॅस्टिकच्या क्रेटची चळत उतरली, माणसं शेडमध्ये शिरली, पाय धरून कोंबड्यांचे झुबके बाहेर येऊ लागले. वजनकाटा काट्याशी उभा होता, त्याच्याइतका सुखी माणूस त्या दिवशी दुसरा नव्हता. वजन चांगलं भरलं. शेठ दाराशी उभं राहून जाणाऱ्या प्रत्येक झुबक्याकडे बघत होता. त्या एकाच्या आवाजातला राग आपल्याला ऐकू आला असता तर ओळखता आलं असतं, असं त्याला वाटून गेलं.

गाडी भरल्यावर वजनकाटा हात पुसत जवळ आला.

“काका, एक बोलू? एवढ्या बॅचा मी ‘आत आहे’ ऐकून घेतलं. आता वर साहेब बदललाय. पुढची पिल्लं पाठवायची तर तो स्वतः बघायला येणार. काकू असतील तर पाठवतो. नसतील तर मला नाही जमणार.”

शेठने मान हलवली.

“त्यांना सांगा तसं,” वजनकाटा म्हणाला. “शेड बंद पडतंय म्हटल्यावर येतील लगेच.”

येईल, हे शेठलाही माहीत होतं. एका वाक्याचं काम होतं. तुझ्यावाचून शेड चालत नाही, एवढं म्हटलं की ती पिशवी भरून दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसली असती. पण मग ती शेडसाठी आली असती. विटांच्या पिशवीसारखी, पलीकडचं टोक वर ओढायला. दुपारभर तो मोकळ्या घराच्या पायरीवर बसून दुसरं वाक्य जुळवत होता, आणि जन्मभर वाचवून ठेवलेल्या शब्दांतला एकही वेळेवर हाताशी येत नव्हता.

संध्याकाळी फोन वाजला. रोज तो लावायचा, आज तिने लावला.

“कुठे आहात?”

“शेडमध्ये,” सवयीने तो बोलून गेला. मग ते खरं करायला उठला आणि चालत शेडमध्ये गेला.

“ऐकवा.”

शेड रिकामं होतं. तुडवलेलं तूस, काही पिसं, उपडी पडलेली पाण्याची भांडी. ज्याला बारीक आवाज ऐकू येत नाहीत त्यालाही ऐकू यावी अशी शांतता होती. पिल्लं गेली, एवढं सांगायला हरकत नव्हती. पण ते सांगितलं की पाठोपाठ वजनकाट्याचं वाक्य आलंच असतं. शेठने पिंप उपडं घातलं, वर चढला आणि शीळ वाजवली.

गप्प व्हायला कोणी नव्हतं. शीळ सरळ पलीकडच्या भिंतीवर जाऊन आदळली आणि त्याच्याकडे परत आली. त्याने हात उंच धरला. तुसाची धूळ घशाशी आली. खोकला त्याने दाबला. सगळा दाबला गेला नाही.

मोबाइल कानाला लावला तेव्हा पलीकडेही आवाज नव्हता. मिक्सर नाही, टीव्ही नाही, मूल नाही. फोन कट झाला असं त्याला वाटलं. जिला मागे नुसत्या फोनवरून खाली सोडलेले पडदे ऐकू आले होते, तिला रिकामं शेड ऐकू आलं नसेल असं कसं होईल?

“आहे,” ती म्हणाली.

शेठ पिंपावर तसाच उभा राहिला. “किती?”

“एकच.”

“कुठल्या बाजूला?”

“फोनच्या जवळच.” ती म्हणाली. “घरघर आहे त्याला. जुनी आहे. मी पहिल्याच दिवशी ऐकली होती.”

शेठ हळूहळू खाली उतरला आणि पिंपावर बसला. घसा साफ करायचा होता, पण आता तो करवेना.

“वेगळं काढू का?” त्याने विचारलं. “आजारी असलं की वेगळं काढतात.”

“नको,” ती म्हणाली. “ते पुष्कळ दिवस वेगळंच आहे.”

तिच्या बाजूला कुठेतरी दाराची बेल वाजली. ती उठली नाही.

“पडदे?” तिने विचारलं.

“खाली आहेत.”

“राहू देत. एकट्याने ओढू नका.”

फोन बंद झाला. वजनकाट्याचं वाक्य सांगायचं राहूनच गेलं, आणि ते राहिल्याचं शेठला बरं वाटलं. ते नंतर कधीही सांगता आलं असतं, चहा पिता पिता, जाता जाता, दुसरं काही बोलायला नसेल तेव्हा.

तो उठून शेडच्या पलीकडच्या टोकाला गेला. विटांच्या पिशवीची गाठ ताणून घट्ट झाली होती, नखांनी सुटेना, दातांनी सैल करावी लागली. पिशवी तुसात धप्पकन पडली. मोकळी दोरी कप्पीवरून हेलकावत राहिली. त्याने ती थांबवली, तिचा पीळ काढला आणि बायकोच्या हाताला येईल इतक्या उंचीवर खिळ्याला अडकवून ठेवली.